देवदूतांचें अंकगणित

हल्लीं सरकारी दवाखान्यांतून एक नवेंच पुण्यकर्म सुरू झालें आहे. वर्षांतून एखादे दिवशीं, बहुधा परिचारिका-दिनाच्या म्हणजे मे महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास, दवाखान्याच्या सभागृहांत खुर्च्या मांडतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीस हार घालतात, मेणबत्त्या पेटवितात आणि 'ताणतणावाचें व्यवस्थापन' या विषयावर एका विद्वान् गृहस्थांचें व्याख्यान ठेवितात. व्याख्याते सांगतात कीं, ताण हा मनाचा खेळ आहे. श्वास दीर्घ घ्यावा, पहाटे लवकर उठावें, मोकळेपणीं हंसावें, दवाखाना घरीं नेऊं नये व घर दवाखान्यांत आणूं नये. समोरच्या रांगांत बसलेल्यांपैकीं कित्येक जणी रात्रपाळी करून आलेल्या असतात. पहाटे लवकर उठण्याचा उपदेश त्यांच्या बाबतींत वायां जातो, कारण त्या निजलेल्याच नसतात. पुढें चहा होतो, छायाचित्र निघतें, दुसऱ्या दिवशीं तें वर्तमानपत्रांत येतें, आणि ताणाचें व्यवस्थापन झाल्याची नोंद कागदोपत्रीं होते.

त्या व्याख्यात्यांशीं माझें भांडण नाहीं. प्राणायामानें कोणाचें वाईट झाल्याचें ऐकिवांत नाहीं. माझें भांडण आहे तें त्या व्याख्यानाच्या पोटांत दडलेल्या सिद्धान्ताशीं. दवाखान्यांतील डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक हे जे थकतात, चिडतात, रडतात व शेवटीं नोकरी सोडून जातात, त्याचें कारण त्यांच्या मनाच्या दुर्बलतेंत आहे, असा तो सिद्धान्त. तो साफ खोटा आहे. कारण पाहावयाचेंच असेल तर हजेरीपट उघडावा. मंजूर पदांचा एक आंकडा, भरलेल्या पदांचा दुसरा, आणि या दोहोंची वजाबाकी. त्या वजाबाकीचें ओझें जो हजर असेल त्याच्या पाठीवर पडतें, आणि त्याच ओझ्यास आपण 'ताण' असें सौम्य, सुटसुटीत नांव दिलें आहे.

ज्या जिल्ह्यांत प्रस्तुत लेखकाचें आयुष्य गेलें त्या बुलढाण्याचेंच उदाहरण घेतों. तालुके १३, आणि वस्ती २०११ च्या शिरगणतीप्रमाणें पंचवीस लाखांहून अधिक. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. आम्ही त्यांस सरळ 'घाटावर' व 'घाटाखालीं' म्हणतों. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांत पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या विकारानें पिडलेले रोगी गांवोगांवीं. पावसाळ्यांत साप, पेरणीपासून वेचणीपर्यंत कीटकनाशकांचे फवारे, आणि नापिकीच्या वर्षीं तेंच कीटकनाशक पोटांत गेलेला शेतकरी. घाटावरून समृद्धि महामार्ग गेला आहे, घाटाखालून मुंबई-कलकत्त्याचा जुना राजमार्ग व लोहमार्ग. या दोन्ही मार्गांवर रात्रभर जीं वाहनें धांवतात त्यांतील कांहीं वाहनांचा प्रवास आमच्या दवाखान्यांच्या दारांतच संपतो. फार मोठी इजा असली तर रोगी अकोल्यास किंवा छत्रपति संभाजीनगरास धाडावयाचा. आणि त्याच्यासोबत वार्डांतील कोणी रुग्णवाहिकेंत बसून गेलें कीं मागें उरलेल्या वार्डास तेवढें माणूस कमी.

३० जून २०२३ ची रात्र उलटून गेल्यावर सिंदखेडराजा तालुक्यांत पिंपळखुटा येथें नागपूरहून पुण्यास जाणारी एक खाजगी बस समृद्धि महामार्गावर उलटून पेटली. आंतील ३३ जणांपैकीं २५ जण गेले. वर्तमानपत्रांनीं रस्त्याविषयीं, चालकाविषयीं, वेगाविषयीं पानेंच्या पानें लिहिलीं, आणि तें योग्यच झालें. परंतु ओळख पटण्यापलीकडे जळालेले ते देह बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत आले. त्यांचें शवविच्छेदन कोणीतरी केलें, त्यांवर क्रमांक कोणीतरी लाविले, नागपूर-वर्ध्याकडून धांवत आलेल्या आईबापांच्या प्रश्नांस कोणीतरी तोंड दिलें. २ जुलैस सामुदायिक अंत्यसंस्कार झाले आणि पुढारी मंडळी परत गेली. शवागारांतील कामगार त्या रात्रीं घरीं जाऊन जेवूं शकला काय, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. तो तिसऱ्या दिवशीं कामावर हजर असेल असें धरून चालण्यास हरकत नाहीं. त्याच्या जागीं पाठविण्यास दुसरा असतो कोठें?

पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी २०२४ मध्यें, लोणार तालुक्यांतील सोमठाणा येथें हरिनाम सप्ताहाच्या एकादशीस भगर-आमटीच्या प्रसादानें दोनशेंहून अधिक भाविकांस विषबाधा झाली, आणि त्यांतले पुष्कळ जण बिबीच्या ग्रामीण रुग्णालयांत आणले गेले. ग्रामीण रुग्णालय म्हणजे सरकारी मापानें ३० खाटा. रोगी उघड्यावर, रस्त्यावर निजविले गेले. झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. तें चित्र देशभर फिरलें आणि देशभर छी: थू: झाली. मीं तें चित्र पुष्कळ वेळ पाहिलें. दोरी बांधण्याची युक्ति त्या अंधारांत ज्यास सुचली त्याचा मला अभिमान वाटला. तीस खाटा आणि शेंकड्यांनीं रोगी, ही लाजेची गोष्ट खरी; पण ती दोरीच्या पलीकडची होती, आणि लोकांनीं दोरीच तेवढी पाहिली.

दुसऱ्यांस दोष देत बसण्यापूर्वीं माझी स्वतःची लाज सांगून टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत माझ्या आतेभावास शेतांत घोणस चावली. रात्रीं दहाच्या सुमारास आम्हीं त्यास घाटाखालच्या एका सरकारी दवाखान्यांत नेलें; गांवाचें नांव मुद्दामच सांगत नाहीं. पुरुषांच्या वार्डांत खाटा भरून जमिनीवरहि गाद्या पडलेल्या. परिचारिका एक, आणि तिच्या हाताखालीं शिकाऊ मुलगी एक. डॉक्टर बाळंतपणाच्या खोलींत अडकलेले. परिचारिकेनें भावाच्या हातांतून थोडें रक्त काढून कांचेच्या कोरड्या नळींत घातलें, ती नळी टेबलावर उभी ठेविली, घड्याळ पाहिलें, आणि ती दुसऱ्या रोग्याकडे वळली. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. नळी तशीच. माझा संयम सुटला. 'माणूस मरतो आहे आणि तुम्ही नळी मांडून फिरतां काय?' असें मी सर्व वार्डास ऐकूं जाईल अशा आवाजांत ओरडलों. आणखीहि कांहीं बोललों, तें येथें लिहिण्यासारखें नाहीं.

ती म्हणाली, 'भाऊ, वीस मिनिटं ती नळी हलवायची नसते. रक्त गोठतं की नाही ते पाहावं लागतं, त्यावरून औषध ठरतं. तुमच्या पेशंटजवळ तुम्ही तरी आहात. त्या कोपऱ्यातल्या बाबांजवळ कोणीच नाही.' आणि ती त्या कोपऱ्याकडे निघून गेली.

वीस मिनिटांनीं नळी तिरपी केली तों रक्त पाण्यासारखें वाहिलें. मग डॉक्टर आले, प्रतिविषाच्या कुप्या उघडल्या गेल्या, आणि अंगावर पित्त उठतें काय, रक्तदाब उतरतो काय, हें पाहण्यासाठीं तिला भावाच्या उशाशीं उभें राहावें लागलें. तेवढा वेळ उरलेला सगळा वार्ड त्या शिकाऊ मुलीवर होता. माझा भाऊ वांचला. ती नळीची परीक्षा सर्पदंशाच्या उपचारांतील एक सर्वमान्य परीक्षा आहे, हें मला मागाहून कळलें. त्या रात्रीं मला एवढेंच दिसलें होतें कीं, एक बाई कांहींएक न करतां घड्याळ पाहत आहे. ती माझ्यावर उलट चिडली नाहीं, याचें मला तेव्हां नवल वाटलें होतें. आतां वाटतें, चिडण्यासहि थोडी उसंत लागते, आणि ती तिला नव्हती.

आतां थोडें अंकगणित करूं. तें मराठी चौथीच्या पलीकडचें नाहीं, आणि कदाचित् म्हणूनच मोठ्या कचेऱ्यांतून तें कोणी करीत नसावें. आठवड्याचे तास १६८. वार्डांत अहोरात्र एक परिचारिका असावी असें म्हटलें, तर दिवसाच्या तीन याप्रमाणें आठवड्याच्या २१ पाळ्या झाल्या. एकीनें सहा पाळ्या केल्या तर त्या एका जागेसाठीं साडेतीन परिचारिका लागतात. त्यांच्या रजा, आजारपणें व बाळंतपणें यांसाठीं शेंकडा ३० अधिक माणसें धरावीं, असें भारतीय परिचर्या परिषदेचेंच माप आहे. तें धरलें कीं साडेचार होतात. म्हणजे वार्डांत रात्रीं डोळ्यांनीं एक परिचारिका दिसावयाची तर कागदावर साडेचार असाव्या लागतात. हें न समजल्यामुळें 'एवढ्या नर्सा आहेत, मग जातात कोठें?' असें आपण विचारतों. त्या झोंपावयास जातात! याच परिषदेनें साध्या रुग्णालयांत पांच रोग्यांमागें एक व शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तिघांमागें एक परिचारिका असावी, असें प्रमाण घालून दिलें आहे. मीं पाहिलेल्या त्या वार्डांत किती रोगी होते हें मीं मोजलें नाहीं. पांच नव्हते, एवढें खास.

डॉक्टरांचें गणित याहून सोपें. चौघांनीं १६८ तास वांटून घेतले तर प्रत्येकास ४२ येतात. दोन जागा रिकाम्या राहिल्या कीं उरलेल्या दोघांस ८४. त्यांतील एक रजेवर गेला कीं एकट्यास १६८. आणि आठवड्यांत त्याहून अधिक तास नाहींत म्हणूनच ओझें तेथें थांबतें. या तासांत बाह्यरुग्ण आले, बाळंतपणें आलीं, शवविच्छेदन आलें, मारामारीच्या जखमांचे दाखले आले आणि त्या दाखल्यांवर साक्ष देण्यासाठीं कोर्टाचे समन्सहि आले. निवासी डॉक्टरांसाठीं केंद्र सरकारनें १९९२ सालीं जी योजना केली तींत सर्वसाधारणपणें आठवड्याचे ४८ तास व सलग १२ तास, अशी मर्यादा लिहिलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयांत कामावर असलेल्या एका तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हां छत्तीस-छत्तीस तासांच्या पाळ्या किती अमानुष आहेत, याविषयीं सर्वोच्च न्यायालयास बोलावें लागलें. नियम होऊन तोंवर ३२ वर्षें झालीं होतीं.

अशा थकव्याचें पुढें काय होतें, हें पाहणाऱ्यांनीं पाहून ठेविलें आहे. फ्रॉइडेनबर्गर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यांतील स्वयंसेवकांच्या अनुभवावरून या अवस्थेस 'जळून जाणें' असें नांव दिलें. लक्षांत घ्या, ते पगारी नव्हते, हौसेनें आलेले होते. आणि ज्यांची हौस अधिक तेच आधीं जळाले. पुढें क्रिस्टिना मॅस्लाक या विदुषीनें तिचीं तीन लक्षणें सांगितलीं: मन शिणून रितें होणें, समोरचा माणूस माणूस न वाटतां वस्तु वाटूं लागणें, आणि आपल्या हातून कांहींच होत नाहीं असें वाटणें. यांतील मधलें लक्षण रोग्यानें नीट वाचावें. 'बारा नंबर', 'ती विषाची केस', 'तो काल आणलेला' असें ज्या दिवशीं आपल्या बापाविषयीं बोललें जातें, त्या दिवशीं बोलणारा दुष्ट झालेला नसतो. रोज साठ जणांचीं नांवें व साठ जणांचीं दुःखें मनांत ठेवणें त्यास अशक्य झालेलें असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं या अवस्थेची जी व्याख्या केली तींत तिला रोग म्हटलेलें नाहीं. कामाच्या ठिकाणच्या, वेळींच न आवरलेल्या, दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलें आहे. उपचार कोणावर करावयाचे, याचें उत्तर या व्याख्येंतच आलें.

परंतु उपचार करण्यास पैसे पडतात, आणि स्तोत्र फुकट असतें. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां आपण थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजीं रुग्णालयांवर आकाशांतून फुलें पडलीं. बुलढाण्यांत त्या मार्चच्या अखेरीसच करोनानें पहिला बळी घेतला होता, आणि रोग नवा, औषध माहीत नाहीं, अशा स्थितींत येथील मंडळी कामावर जात होती. त्यांच्या रूपानें देव अवतरले, असें तेव्हां जो तो म्हणत होता. त्याच दिवसांत देशांत ठिकठिकाणीं डॉक्टर-परिचारिकांस भाड्याची खोली सोडण्यास सांगणारे घरमालक निघाले. त्यांनींहि थाळी वाजविली असेलच. 'देवदूत' या शब्दाची मला भीति वाटते ती यामुळें. देवदूतास पगार लागत नाहीं, रजा लागत नाहीं, मूल आजारी पडत नाहीं. पाळी संपल्यावर मध्यरात्रीं घरीं जाण्यास वाहन लागत नाहीं, कारण त्यास पंख असतात. एकदां एखाद्यास देवदूत म्हटलें कीं त्याच्याविषयींचें आपलें सगळें देणें फिटतें.

ज्या बाईच्या तसबिरीस हार घालतात तिच्या बाबतींतहि आपण हेंच केलें. स्कुटारीच्या इस्पितळांत ती रात्रीं दिवा घेऊन फिरे, एवढें आपण मुलांस शिकवितों. क्रिमियाहून परतल्यावर तिनें मृत्यूंचे तक्ते मांडले, आकृत्या काढल्या, शत्रूच्या गोळ्यांपेक्षां घाणीनें व सांथींनीं सैनिक अधिक मेले हें आंकड्यांनीं सिद्ध केलें, आणि पुढें कित्येक वर्षें अंथरुणावर पडल्या पडल्या पत्रांवर पत्रें लिहून मंत्र्यांस सळो कीं पळो करून सोडलें, हें आपण शिकवीत नाहीं. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री-सभासद होती. ती आज आमच्या जिल्ह्यांत आली तर मेणबत्ती पेटविणार नाहीं. आधीं रिकाम्या पदांचा तक्ता मागेल. आणि तो मागितल्याबद्दल तिची बदली होईल.

स्तोत्र म्हणणारे हात आणि चपराक मारणारे हात निराळे नसतात. रोगी दगावला, इंजेक्शन उशिरा मिळालें, 'येथें सोय नाहीं, अकोल्यास न्या' असें कोणी म्हणालें, कीं देवदूताचा राक्षस होण्यास एक क्षण पुरतो. २०१० पासून महाराष्ट्रांत डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड त्यांत सांगितला आहे. कायदा चांगला आहे, परंतु तो फटका बसल्यावर धांवतो. फटका मारणारा नातेवाईक तोंवर चार तास ताटकळलेला असतो, आणि ज्या रिकाम्या जागेनें परिचारिकेस थकविलें तिनेंच त्यासहि पिसाळविलेलें असतें. मी स्वतः त्या नातेवाइकाच्या जागीं उभा राहिलों आहें, म्हणून हें लिहितों. त्या दोघांचें भांडण लावून देऊन तिसरा पक्ष मात्र नामानिराळा राहतो.

हा तिसरा पक्ष कधीं कधीं प्रत्यक्ष येतो, तो कसा येतो तें शेजारच्या मराठवाड्यांत दिसलें. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभीं नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत २४ तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ अर्भकें होतीं. तेव्हां एका खासदार महाशयांनीं तेथें जाऊन अधिष्ठात्यांच्या हातीं झाडू दिला व त्यांजकडून शौचकूप धुवून घेतला. हें सर्व चित्रित झालें. शौचकूप घाण असेल, नव्हे होताच. तो रोज धुणाऱ्या कामगारांच्या जागा किती व भरलेल्या किती, हा प्रश्न मात्र चित्रांत चांगला दिसत नाहीं. तसेंच आगींचें. जानेवारी २०२१ मध्यें भंडाऱ्यास जिल्हा रुग्णालयांत दहा नवजात बालकें आगींत गेलीं, आणि परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता विभागास आग लागून ११ रोगी दगावले, आणि तीन-चार दिवसांत एका तरुण महिला डॉक्टरास व तीन परिचारिकांस अटक झाली. कोणाचा दोष किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. मी तें करीत नाहीं. परंतु भिंतींतील विजेच्या तारा परिचारिकांनीं ओढल्या होत्या काय? आग विझविण्याच्या सोयीचा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता काय? असल्या बातम्या वाचून दुसऱ्या दिवशीं पाळीवर जाणाऱ्या मुलीस कोणी दीर्घ श्वास घेण्यास सांगावें, म्हणजे थट्टेची पराकाष्ठा झाली.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. 'सरकारी डॉक्टर जाग्यावर असतात कोठें? व्यवसायरोध भत्ता घ्यावयाचा आणि सायंकाळीं स्वतःचा दवाखाना चालवावयाचा, असे आम्हीं पाहिले आहेत,' असें वाचक म्हणतील. मीहि पाहिले आहेत. उर्मट परिचारिका पाहिल्या आहेत, पैशाशिवाय ढकलगाडी न हलविणारे सेवकहि पाहिले आहेत. त्यांची कड घेण्यासाठीं हा लेख नाहीं. त्यांस अवश्य शासन व्हावें. परंतु यांतील गंमत अशी कीं, जो गैरहजर आहे त्याच्या वाट्यास ताणहि येत नाहीं आणि मारहि येत नाहीं. मार नेहमीं हजर असलेल्यासच पडतो. कामचुकार सहकाऱ्याचें काम, रिकाम्या जागेचें काम आणि त्या दोहोंबद्दलचा लोकांचा राग, हें सर्व एकट्या हजर माणसाच्या खातीं जमा होतें. अशा व्यवस्थेंत चांगल्या माणसानें किती वर्षें चांगलें राहावें?

कोणी 'सेवा' या शब्दाचा आधार घेतात. परिचर्या हा सेवाधर्म, तेथें तासांचा हिशेब कसला, असें म्हणतात. सेवा काय असते हें पाहावयास आमच्या जिल्ह्यांतील माणसास लांब जावें लागत नाहीं. शेगांवास श्रीगजानन महाराजांच्या संस्थानांत जावें. तेथील सेवेकरी एक पैसा घेत नाहींत, आणि पंगतींत, दर्शनबारींत, झाडलोटींत त्यांच्या तोंडावर आठी दिसत नाहीं. हें कशामुळें? भक्तीमुळें, हें तर खरेंच. पण संस्थानानें त्यांच्या पाळ्या लाविल्या आहेत, हेंहि खरें आहे. एक तुकडी घरीं गेली कीं दुसरी येते. ठरलेले दिवस सेवा करावयाची, मग शेतांत जावयाचें. एकाच सेवेकऱ्याकडून तीन जणांचीं ताटें उचलून घेऊन वर त्यास भक्तीचा उपदेश करण्याचें तेथें कोणाच्या मनांत येत नाहीं. निष्काम भक्तीसहि विसावा लागतो, हें ज्या जिल्ह्यांत एका देवस्थानास कळतें तेथें सरकारास कळूं नये?

आणि पगारी सेवेंतहि दोन जाती आहेत. एकाच वार्डांत, एकाच पाळींत, एकाच रोग्यास सुई टोंचणाऱ्या दोघींपैकीं एक कायम असते व दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी. पगार निराळा, रजा निराळ्या, आणि कंत्राट पुढें चालेल काय ही चिंता एकीच्याच उशाशीं. दहा वर्षें झालेल्या अशा कर्मचाऱ्यांस कायम पदांवर घेण्याचा शासननिर्णय मार्च २०२४ मध्यें निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून त्यांस ऑगस्ट २०२५ मध्यें राज्यभर संपावर जावें लागलें. निर्णय झाला तो अंमलांत आणा, एवढीच मागणी, आणि त्यासाठीं संप! संपाच्या दिवसांत रोग्यांचे हाल झाले असें ज्यांनीं लिहिलें त्यांनीं खरेंच लिहिलें. फक्त त्यांतून निघणारा अर्थ त्यांनीं लिहिला नाहीं कीं, ज्यांच्यावांचून दवाखाना चालत नाहीं ते आपण तात्पुरते म्हणून ठेविले आहेत.

२०२४ सालीं बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालें. त्या वर्षीं ऑक्टोबरांत पंतप्रधानांनीं राज्यांतील ज्या दहा महाविद्यालयांचें उद्घाटन केलें त्यांत आमचें एक. आनंद झाला. जिल्ह्यांतील पोरगा किंवा पोरगी येथेंच डॉक्टर होईल, ही गोष्ट लहान नव्हे. पण महाविद्यालय म्हणजे नुसती इमारत व शंभर विद्यार्थी नव्हेत. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयास तीन रोग्यांमागें एक परिचारिका लागते, हें वर आलेंच आहे. विद्यार्थी वाढले, पाटी मोठी झाली, ती पाहून घाटाखालचे रोगीहि वर येऊं लागले, आणि वार्डांतील माणसें तेवढींच राहिलीं, तर नवें महाविद्यालय हेंच जुन्या कर्मचाऱ्यांवरचें नवें ओझें ठरेल. शिवाय तेथें शिकणारीं मुलें पहिल्या वर्षापासून काय पाहतील? थकलेला माणूस रोग्याशीं कसा बोलतो तें पाहतील, आणि डॉक्टरी ती हीच, असें समजून तेंच शिकतील.

म्हणून माझें मागणें व्याख्यानांचें नाहीं. रिकामीं पदें भरा, हें तर लहान मूलहि सांगेल, आणि तें सांगून सांगून विधिमंडळाचीं अधिवेशनें संपलीं. मी याहून फार स्वस्त वस्तु मागतों. जिल्ह्यांतील प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारांत एक काळा फळा लावावा, आणि त्यावर रोज सायंकाळीं खडूनें चार आंकडे लिहावेत: मंजूर पदें किती, भरलेलीं किती, वार्डांत आज रोगी किती, आणि आज रात्रीं प्रत्यक्ष हजर माणसें किती. खालीं, हीं पदें भरण्याचा अधिकार ज्या कचेरीस आहे तिचें नांव व पत्ता. खर्च एका फळ्याचा व खडूच्या पेटीचा. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नांवें कोरावयास जर जागा सांपडते, तर याला सांपडण्यास हरकत नसावी.

त्या श्रावणांतल्या रात्रीं दारांत असा फळा असता तरी मी कदाचित् ओरडलोंच असतों. घाबरलेला माणूस कांहीं वाचीत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं, भावास जरा बरें वाटूं लागल्यावर, चहा घेण्यासाठीं मी बाहेर आलों होतों. तेव्हां तो मीं वाचला असता, आणि रात्रीं जें त्या बाईस बोललों तें कोणास लिहून पाठवावयाचें, तें मला कळलें असतें.